कोऱ्या नाण्याची हौस आणि डबीवरचा आकडा

प्रश्न : महोदय, मी गेली १९ वर्षे न्यू जर्सीत राहतो. आजीच्या पुतळ्यांच्या माळेमुळे सोन्याच्या नाण्यांचे आकर्षण लहानपणापासूनच होते. मुलांना फिलाडेल्फियाची टांकसाळ दाखवून आणल्यापासून तेथे अगदी सुरुवातीच्या काळात पाडलेली सोन्याची नाणी जमवावीत, असे मनाने घेतले आहे. माझी अट एकच : नाणे चलनात न फिरलेले, म्हणजे अनसर्क्युलेटेडच हवे, ७० पैकी दर्जा ६० च्या खालचे नाणे मी पाहणारही नाही. ईगल, हाफ ईगल आणि क्वार्टर ईगल (दहा, पाच आणि अडीच डॉलरचे) असे प्रत्येकी एक नाणे घ्यायचे आहे आणि त्यासाठी ३०,००० डॉलर बाजूला ठेवले आहेत. सध्या दोन नाणी समोर आहेत. एक १८०६ चा हाफ ईगल, दर्जा एमएस-६२ (एमएस म्हणजे 'मिंट स्टेट', चलनात न फिरलेले). दुसरा १७९९ चा दहा डॉलरचा ईगल; परीक्षण कंपनीने तो ज्या डबीत बंद केला आहे तिच्यावर 'अनसर्क्युलेटेड डीटेल्स, क्लीन्ड' असे लिहिलेले असून तो नेहमीच्या निम्म्या किमतीत मिळतो आहे. पत्नीचे म्हणणे असे की एवढ्या पैशांत पाटल्या-बांगड्या होतील. नाणी पुढे पुण्यातील बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावीत असाही विचार आहे. आपला सल्ला हवा.

उत्तर : सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रातील 'अट एकच' हे शब्द मी दोनदा वाचले, कारण पुढची सारी गुंतागुंत त्या एका अटीतून निर्माण झाली आहे. आधी थेट उत्तर देतो, कारणे मागाहून सांगतो. १७९९ चा ईगल घेऊ नये. १८०६ चा हाफ ईगल घेण्याजोगा असू शकेल, पण डबीवरचा आकडा झाकून नाणे पाहिल्यानंतरच. तीन मूल्यांच्या संचाचा बेत तूर्त बाजूला ठेवावा, आणि ६० च्या खालचे नाणे पाहायचेच नाही ही अट तर काढूनच टाकावी.

ही नाणी कोरी का राहिली आणि तरीही इतकी दुर्मीळ का झाली, हे एकदा लक्षात आले की बाजारातील निम्म्या गोष्टींचा उलगडा होतो. २ एप्रिल १७९२ च्या कायद्याने टांकसाळ स्थापन झाली आणि सोन्याची तीन मूल्ये ठरली : दहा डॉलरचा ईगल, पाच डॉलरचा हाफ ईगल आणि अडीच डॉलरचा क्वार्टर ईगल. प्रत्यक्षात सोने ठशाखाली गेले ते १७९५ मध्ये. त्या वर्षी ३१ जुलैला ७४४ हाफ ईगलची पहिली खेप तयार झाली. व्यापारी आणि बँका आपल्याजवळचे सोने टांकसाळीत आणून देत आणि त्याची नाणी पाडून घेत. पाच डॉलर म्हणजे त्या काळी मजुराची जवळपास आठवड्याची कमाई, त्यामुळे हे नाणे भाजीबाजारात हातोहात फिरण्याचा प्रश्नच नव्हता. रोजच्या व्यवहाराला स्पॅनिश चांदीची नाणी होती. सुरुवातीच्या या सोन्याच्या नाण्यांवर मूल्यसुद्धा लिहिलेले नसे. हाफ ईगलवर पाचाचा आकडा १८०७ मध्ये प्रथम आला. ज्यांच्या हातून ही नाणी जात, ते वजनाने हिशेब करणारे लोक होते. बँकेच्या थैलीतून जहाजावर आणि तेथून दुसऱ्या बँकेच्या तिजोरीत, असा यांपैकी पुष्कळ नाण्यांचा प्रवास झाला, आणि त्यामुळेच फारशी न झिजलेली नाणी आज पाहायला मिळतात.

पण याच प्रवासाने त्यांचा घातही केला. अमेरिकी कायद्याने सोन्याचा भाव चांदीच्या पंधरापट धरला होता. फ्रान्सने १८०३ मध्ये तो साडेपंधरापट ठरवला. अर्धा पट म्हणजे थोडके वाटेल, पण सराफी व्यवहारात तेवढा फरक जहाज भरून सोने बाहेर नेण्यास पुरेसा होतो. नाणी युरोपात गेली आणि तेथे मुशीत पडली. ईगल तर १८०४ नंतर पाडणेच थांबले ते १८३८ पर्यंत. पुढे १८३४ च्या कायद्याने नाण्यांचे वजन आणि कस दोन्ही उतरवले. जुना हाफ ईगल ८.७५ ग्रॅमचा, बावीस कॅरटचा. त्यात शुद्ध सोने ८.०२ ग्रॅम. नव्यात ते ७.५२ ग्रॅमच्या आसपास आले. म्हणजे जुने नाणे वितळवले की पाचाचे पाच डॉलर तेहतीस सेंट हाती पडत, आणि असा हिशेब समोर असताना नाणे जपून ठेवणारा विरळाच. टांकसाळीच्या नोंदीत १८२२ या वर्षी १७,७९६ हाफ ईगल पाडल्याचे लिहिले आहे, पण त्या सालाची आज फक्त ३ नाणी ज्ञात आहेत. (नोंदीतील काही नाण्यांवर आदल्या वर्षाचे साल असणार, कारण जुने ठसे फुटेपर्यंत वापरण्याची तेव्हा रीत होती, पण तेवढ्याने ही दरी भरून निघत नाही.) त्या तिघांपैकी दोन स्मिथसोनियन संग्रहालयात आहेत आणि तिसरे मार्च २०२१ मध्ये ८४ लाख डॉलरना विकले गेले. आपल्याकडे शिवरायांचे सोन्याचे होन इतके थोडे का उरले, असे विचारणाऱ्याला मी नेहमी ही अमेरिकी गोष्ट सांगतो. मुशीला देशाभिमान नसतो.

आता 'अनसर्क्युलेटेड' या शब्दाकडे वळू. १ ते ७० हे मोजमाप विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये मांडले, आणि तेही सोन्यासाठी नव्हे तर जुन्या तांब्याच्या सेंटसाठी. ७० दर्जाच्या सेंटची किंमत १ दर्जाच्या सेंटच्या सत्तरपट असावी, असा त्यामागचा सरळसाधा हिशेब होता. तो हिशेब लवकरच कोलमडला, मोजमाप मात्र सर्वत्र रूढ झाले. पीसीजीएस १९८६ मध्ये आणि एनजीसी १९८७ मध्ये, अशा नाण्यांचे परीक्षण करणाऱ्या दोन कंपन्या सुरू झाल्यावर नाणे डबीत बंद करून त्यावर आकडा छापण्याची पद्धत आली. ६० पासून पुढे अनसर्क्युलेटेड आणि ५० ते ५८ 'अबाउट अनसर्क्युलेटेड', अशी ही रेघ कागदावर अगदी ठळक आहे. नाण्यावर ती तशी नसते. दोनशे वर्षांपूर्वीच्या मऊ सोन्याचे नाणे थैलीत दुसऱ्यावर घासले गेले, खणात सरकले, एखाद्या संग्राहकाने बोटाने पुसले, तर उंच भागांवरची झळाळी तेवढ्यापुरती मंदावते. ही चलनातली झीज मानायची की नाही, याचा निर्णय परीक्षक करतो, आणि गेल्या तीस वर्षांत हा निर्णय हळूहळू उदार होत गेला आहे. पूर्वी ज्याला ५८ मिळाले असते अशी बरीच नाणी आज ६१ किंवा ६२ च्या डबीत बसलेली आहेत, हे या क्षेत्रातील जाणकार उघडपणे बोलतात.

उलट बाजूही सांगायला हवी. ६० किंवा ६१ दर्जाचे नाणे चलनात फिरलेले नसेल, पण थैलीतल्या धक्क्यांनी नाण्यावरील स्वातंत्र्यदेवतेचा गाल खरचटलेला असू शकतो. ५८ दर्जाचे नाणे मात्र टोपीच्या उंच घडीवर आणि कपाळावरच्या केसांवर किंचित मंदावलेले, पण बाकी पृष्ठभाग शांत, कडेला मूळची झळाळी शाबूत, असे पुष्कळदा आढळते. दोन्ही शेजारी ठेवून आपल्या पत्नीला विचारा, कोणते सुंदर दिसते. त्या बहुधा ५८ वर बोट ठेवतील आणि त्यांचे बरोबर असेल. आपण ६० ची रेघ ओढून नेमका हाच वर्ग वगळला आहे.

म्हणून माझा आग्रह आकड्यापेक्षा पृष्ठभागावर आहे, आणि पृष्ठभाग वाचायला शिकावा लागतो. पहिली गोष्ट रंगाची. १७९२ च्या कायद्यानुसार बावीस कॅरटमधील मिश्रधातूत तांब्याबरोबर चांदीही असे, त्यामुळे मूळ नाण्याचा पिवळेपणा जरा हिरवट झाकीचा असतो आणि कालांतराने त्यावर, विशेषतः अक्षरांच्या आणि ताऱ्यांच्या आडोशाला, तांबूस किंवा तपकिरी सावली बसते. दुकानातल्या नव्या दागिन्यासारखे एकसारखे लख्ख दिसणारे १८०६ चे नाणे दिसले, तर आनंदण्याआधी थांबावे. दुसरी गोष्ट झळाळीची. नाणे दिव्याखाली हळूहळू कलते केले की मूळ झळाळी चाकाच्या आऱ्यांप्रमाणे गोल फिरते. घासलेल्या नाण्यात प्रकाश एका जागी चकाकतो आणि भिंगातून समांतर बारीक रेषा दिसतात. तिसरी गोष्ट लपवाछपवीची. गालावरचे ओरखडे झाकण्यासाठी पुट्टीसारखा पदार्थ पातळसा फासण्याचे उद्योग या धंद्यात झालेले आहेत. सुरुवातीला तो कळत नाही, काही वर्षांनी नाण्यावर धुरकट पापुद्रा आल्यासारखे दिसते.

मात्र एका खुणेला घाबरू नका. काही नाण्यांच्या मध्यभागी किंवा कडेला कानशीने ओढल्यासारख्या समांतर रेघा असतात. चकती कायद्याने ठरलेल्या वजनापेक्षा भारी भरली, तर टांकसाळीतले कामगार ती ठशाखाली घालण्याआधी खरोखरच कानशीने घासून वजनात आणत. ठसा त्यानंतर बसल्यामुळे या रेघा सपाट, खोलगट जागी दबून मिटलेल्या आणि चित्राच्या उंच भागांवर शिल्लक राहिलेल्या दिसतात, तर नंतरचा ओरखडा चित्राला कापत जातो. चेहऱ्यावरून जाणाऱ्या ठळक रेघा मला स्वतःला आवडत नाहीत आणि त्यांनी किंमतही थोडी उतरते, पण तो दोष नव्हे. नाण्याच्या जन्माची ती खूण आहे.

आजीच्या माळेचा आपण उल्लेख केलात, तो येथे उपयोगी पडेल. आपल्या पुतळ्यांचे मूळ व्हेनिसच्या डुकॅट नाण्यांत आहे आणि प्रत्येक पुतळीला माळेत ओवण्यासाठी कडी जोडलेली असते. अमेरिकेतही सोन्याच्या जुन्या नाण्यांना कड्या जोडून, भोके पाडून किंवा भोवती कोंदण करून ती गळ्यात, घड्याळाच्या साखळीत, मनगटावर मिरवली गेली. आपल्या माळेत कडी हा दागिन्याचाच भाग, तिने काही बिघडत नाही. पण संग्राहकाच्या बाजारात ती कडी काढून, डाग घासून, भोक सोन्याने बुजवून, कडेच्या रेघा पुन्हा कोरून हे नाणे 'कोरे' म्हणून उभे राहते. म्हणून चित्राइतकेच लक्ष कडेकडे द्यावे, विशेषतः डोक्याच्या बरोबर वर, बाराच्या ठिकाणी, कारण कडी बहुधा तेथेच असते. डबीत कड पूर्ण दिसत नाही, पण तिरके धरले की जेवढी दिसते तेवढी जरूर पाहावी.

यावरून १७९९ च्या ईगलवर येऊ. ते साल दुर्मीळ नाही. त्या वर्षी ३७,४४९ ईगल पाडल्याची नोंद आहे आणि १८०१ च्या बरोबरीने सुरुवातीच्या ईगलमध्ये हेच साल सर्वांत जास्त वेळा विक्रीस येते. म्हणजे 'पुन्हा मिळणार नाही' हे कारण येथे लागू होत नाही. 'डीटेल्स' याचा अर्थ असा की चित्राचे बारकावे अनसर्क्युलेटेड नाण्याइतके शाबूत आहेत, पण पृष्ठभाग बिघडवला गेल्यामुळे परीक्षकाने आकडा देण्यास नकार दिला. किंमत निम्मी झाली ती याच कारणाने, आणि आपण विकायला जाल तेव्हाही ती निम्मीच राहील. वर गिऱ्हाईक शोधायला वेळ लागेल तो वेगळा. मी स्वतः ऐन उमेदीच्या काळात एका प्रदर्शनात, डबीत नसलेले, आरशासारखे लख्ख असे एक हाफ ईगल विक्रेत्याच्या शब्दावर घेतले होते. परीक्षणाला पाठवले, तेव्हा ते 'साफ केलेले' असा शेरा घेऊन परत आले. दोष माझाच होता, कारण तोपर्यंत मी मूळ पृष्ठभागाची दहा नाणीसुद्धा हाताळलेली नव्हती. ते नाणे अजून माझ्याजवळ आहे. नवोदितांना काय टाळावे हे दाखवायला ते उत्तम कामी येते.

क्वार्टर ईगलविषयी आपला समज असा दिसतो की नाणे लहान, म्हणून परवडणारे. वस्तुस्थिती उलटी आहे. १७९६ मध्ये ताऱ्यांविना ९६३ आणि ताऱ्यांसह ४३२ एवढेच क्वार्टर ईगल पाडले गेले. १८०८ चा नमुना तर त्या एका वर्षापुरता, २,७१० नाण्यांचा, आणि त्यातील एक अप्रतिम नाणे २०१५ मध्ये साडेतेवीस लाख डॉलरना गेले. त्यातल्या त्यात सोपे साल १८०७, त्याचीही संख्या ६,८१२. आपल्या रकमेत तिन्ही मूल्ये कोरी बसवायची म्हटली, तर प्रत्येक ठिकाणी तडजोड करून तीन सदोष नाणी घरी येतील. संपूर्ण रक्कम एका नाण्यात घालावी असेही मी म्हणत नाही. पण आरंभ हाफ ईगलपासून करावा, कारण १८०२ ते १८१४ या काळातील बहुतेक सालांचे हाफ ईगल दरवर्षी लिलावांत येतात, तुलना करता येते आणि नजर तयार होते.

आपला १८०६ चा हाफ ईगल याच गटातला आहे. त्या वर्षी दोन्ही प्रकार मिळून ६४,०९३ नाणी पाडली गेली. सालातील ६ चे टोक गोल आहे की टोकदार, हे आधी पाहा. गोल असेल आणि तारे डावीकडे सात व उजवीकडे सहा असतील, तर तो सर्वांत जास्त उपलब्ध असलेला प्रकार होय आणि त्यासाठी 'दुर्मीळ ठसा' म्हणून कोणी अधिक पैसे मागत असेल तर देऊ नयेत. मागील बाजूला गरुडाच्या पंखांच्या वरच्या कडा, ढालीचा माथा आणि ढग हे झिजेचे पहिले बळी. तेथे रंग मंदावून राखी झाला आहे का ते पाहावे. जाता जाता गरुडाचे पायही पाहा : कोरक्या रॉबर्ट स्कॉटने बाण गरुडाच्या उजव्या पायात आणि ऑलिव्हची फांदी डाव्यात दिली आहे. राष्ट्रीय मुद्रेवर हे नेमके उलट आहे. नव्या राष्ट्राने असा युद्धखोर गरुड मुद्दाम कोरला की कोरक्याची चूक झाली, यावर नाणी जमवणारे अजून वाद घालतात.

डबी खरी आहे याची खातरजमा करायला विसरू नका. तिच्यावरचा क्रमांक परीक्षण कंपनीच्या संकेतस्थळावर तपासावा, आणि तेथे छायाचित्र असेल तर ओरखडा न् ओरखडा जुळवून पाहावा, कारण खोटी नाणी खोट्या डब्यांत खऱ्या क्रमांकासह विकली गेली आहेत. सीएसी या संस्थेची हिरवी चिकटपट्टी डबीवर असल्यास, तो दर्जा आणखी एका जाणकार नजरेने मान्य केला आहे एवढा दिलासा मिळतो. त्यासाठी थोडे अधिक द्यायला हरकत नाही. 'या दर्जाची एवढीच नाणी नोंदली आहेत' या आकड्यांवर मात्र फार विसंबू नये. वरचा आकडा मिळावा म्हणून एकच नाणे डबी फोडून चार-पाच वेळा परीक्षणाला पाठवले जाते आणि दर वेळी ते नवे म्हणून मोजले जाऊ शकते. लिलावात बोली लावणार असाल तर बोलीवर खरेदीदाराकडून साधारण २० टक्के किंवा त्याहून अधिक आकार वेगळा घेतला जातो, तो धरूनच आपली मर्यादा ठरवावी.

आता पत्नीच्या म्हणण्याविषयी. घरात सोने असावे हा हेतू असेल, तर त्यांचे म्हणणे शंभर टक्के योग्य आहे. बांगडीत घडणावळ गेली तरी सोने उरते; या हाफ ईगलमध्ये सोने जेमतेम आठ ग्रॅम आणि बाकी सारी किंमत घडणावळीचीच, असे समजा. सोन्याचा भाव वाढला म्हणून या नाण्याचा भाव त्याच मापाने वाढेल असे नाही. शिवाय अमेरिकेत अशा संग्राह्य वस्तूंच्या दीर्घकालीन नफ्यावर २८ टक्क्यांपर्यंत कर लागू शकतो, जो शेअरच्या कमाल दरापेक्षा जास्त आहे. मुलांच्या शिक्षणासाठी किंवा निवृत्तीसाठी लागणारा एक डॉलरही यात घालू नये.

पुण्याच्या लॉकरचा विचार मात्र पूर्णपणे सोडून द्यावा. नाणे भारतात नेताना सीमाशुल्काचा प्रश्न येतोच, पण अधिक गंभीर गोष्ट परतीची आहे. भारताच्या १९७२ च्या पुरावस्तूविषयक कायद्यात शंभर वर्षांहून जुने नाणे पुरावस्तू ठरते आणि पुरावस्तू देशाबाहेर नेण्याचा अधिकार केवळ केंद्र सरकारला किंवा त्याने नेमलेल्या संस्थेला आहे. फिलाडेल्फियात पाडलेले नाणे पुण्याहून परत न्यू जर्सीला नेताना विमानतळावर हा वाद घालण्याची वेळ स्वतःवर आणू नये. तेथल्याच बँकेत लॉकर घ्या आणि नाण्याचा स्वतंत्र विमा उतरवा. घराच्या साध्या विम्यात नाण्यांसाठीची मर्यादा अगदी किरकोळ असते आणि बँकेतील ठेवींना मिळणारे सरकारी संरक्षण लॉकरमधील वस्तूंना मिळत नाही.

१७९९ च्या विक्रेत्याला या आठवड्यात नम्रपणे नकार कळवून टाका. १८०६ च्या विक्रेत्याकडे नाणे तिरक्या प्रकाशात फिरवून दाखवणारी चित्रफीत मागा आणि नाणे पाहून परत करण्याची मुदत लेखी घ्या. दरम्यान जवळपास एखाद्या मोठ्या लिलावाचे प्रदर्शन भरत असेल तर तेथे जावे. बोली न लावताही ही नाणी हातात घेऊन पाहू देतात. तेथे ५८ पासून ६३ पर्यंतचे किमान वीस हाफ ईगल भिंगाखाली पाहा, आणि त्यानंतरही आपले १८०६ चे नाणे मनातून उतरले नाही, तर त्याची दोन्ही बाजूंची आणि कडेची छायाचित्रे मला पाठवा. ६ चे टोक कसे आहे तेही लिहा.